राखेच्या कणाचा पत्ता

एप्रिलच्या रात्री भामरागडच्या जंगलातून उत्तरेला पाहिलं की सप्तर्षी उंच चढलेले दिसतात. गोंडांना त्यांच्या चौकोनात म्हातारीची बाज दिसते आणि शेपटीच्या ताऱ्यांत ती पळवायला आलेले तीन चोर. या बाजेच्या पुलस्त्यापासून क्रतूपर्यंत तिरकी रेघ काढायची आणि तेवढीच पुढे न्यायची. तिथे एम 81 ही दीर्घिका आहे. तिचा प्रकाश आपल्याकडे यायला सुमारे 1 कोटी 20 लाख वर्षं लागतात. इतकं अंतर तोडून तो दुर्बिणीत शिरतो आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरपासून काही मिलिमीटरवर त्याला राखेचा एक कण आडवा येतो!

मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून याच दिवसांत झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. ती राख हवेत असतेच. चंद्रपूरकडे कोळशाची धूळही असते. कण डोळ्यांना दिसतही नाही, पण फोटोत मात्र त्याच्या जागी काळसर कडं उमटतं, मधोमध भोक असलेलं.

हे कडं का उमटतं, हे कळल्यावर मी थक्क झालो. सूर्यग्रहणात झाडाखालचे कवडसे चंद्रकोरीच्या आकाराचे होतात, कारण पानांमधली प्रत्येक फट सूर्याचं चित्र काढते. इथे तेच उलट घडतं. कण प्रकाश अडवतो आणि त्याच्या सावलीत दुर्बिणीच्या आरशाचं चित्र उमटतं. मधलं भोक म्हणजे नळीत पुढे बसवलेल्या छोट्या आरशाची जागा. भिंगाच्या दुर्बिणीत तसा आरसा नसतो, म्हणून तिथे भरीव चकती दिसते.

या सावलीवरून कणाचा पत्ताही निघतो. समजा कडं 240 पिक्सेल रुंद आहे आणि एक पिक्सेल 3.76 मायक्रॉनचा. म्हणजे कड्याची रुंदी झाली 0.9 मिलिमीटर. दुर्बिणीचं केंद्रांतर आरशाच्या व्यासाच्या 5 पट असेल, तर 5 ने गुणायचं. कण सेन्सरपासून साधारण 4.5 मिलिमीटरवर आहे, म्हणजे बहुधा कॅमेऱ्याच्या काचेच्या खिडकीवर. कडं याहून बरंच मोठं असेल तर फिल्टर तपासावा. बारीक, ठसठशीत काळा ठिपका असेल तर कण थेट सेन्सरच्या काचेवर बसलाय.

खिडकी पुसायची तर आधी कॅमेऱ्याचं तोंड खाली करून रबरी फुग्याने हवा मारावी. तोंडाने फुंकर कधीच घालू नये, थुंकीचे तुषार चिकटून बसतात. राखेत वाळूसारखे कण असतात, कोरडं पुसलं तर काचेवर ओरखडे येतात. तरीही डाग राहिलाच तर भिंगाच्या कागदावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब घ्यावा. काचेवर थेट ओतू नये.

कण आत सेन्सरच्या काचेवरच असेल आणि सेन्सरची कुपी, म्हणजे खिडकीमागचा बंद कप्पा, उघडायची वेळ आली तर मुहूर्त बघावाच लागतो. सेन्सर दर 6 अंशांनी थंड केला की त्यातला आपोआप उमटणारा विद्युत गोंगाट जवळपास निम्मा होतो, म्हणून तो शून्याच्याही खाली नेतात. कुपीत दमट हवा अडकली असेल तर लगेच थंड सेन्सरवर हिमकण धरतात. आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या गोळ्या असतात. काहींचा निळा रंग गुलाबी झाला की त्या ओव्हनमध्ये मंद तापवून सुकवायच्या. हे काम गडचिरोलीच्या श्रावणात काढू नये. मे महिन्यातली कोरडी दुपार, खिडक्या बंद केलेली खोली आणि थांबवलेला पंखा, असा योग साधावा. पावसाळ्यात कॅमेरा हवाबंद डब्यात असलेला बरा, नाहीतर काचेवर बुरशीची जाळी धरते.

आणि खरं सांगायचं तर बहुतेक कणांना हातही लावावा लागत नाही. संध्याकाळच्या आकाशासमोर दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा कपडा ताणून फोटो घ्यायचे. त्यांना फ्लॅट म्हणतात. त्यात फक्त सावल्या उमटतात. दीर्घिकेच्या फोटोला संगणकावर या फ्लॅटने भागलं की कडी पुसली जातात. अट एकच, मधल्या वेळात कॅमेरा फिरवायचा नाही, फोकसही हलवायचा नाही. कण जागचा सरकला तर त्याच भागाकारामुळे त्याच्या जुन्या जागी उजळ कडं येतं आणि नव्या जागी काळं.