सुवर्णदुर्गाच्या सरखेलाची फसलेली स्वारी

कोकणात हर्णैला गेलेल्या प्रत्येकाने समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला पाहिलेला असतो. पण इथल्या सरखेलाने, म्हणजे मराठा आरमाराच्या प्रमुखाने, आपल्याच घरावर केलेली स्वारी फारसं कुणी सांगत नाही!

सरखेल कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये गेले, चार वर्षांत त्यांचा मुलगा सेखोजीही गेला आणि संभाजी व मानाजी या उरलेल्या भावांत भाऊबंदकी पेटली. १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांनी वाटणी करून दिली. सरखेली आणि दक्षिणेकडचे किल्ले संभाजीला, अलिबागचा कुलाबा किल्ला मानाजीला. संभाजीला ही वाटणी कधीच पटली नाही.

१७४० मध्ये, बाजीरावांचं निधन झालं त्याच सुमारास, संभाजीने चौल, थळ, सागरगड घेऊन कुलाब्याला वेढा घातला. मानाजीने पेशव्यांना आणि मुंबईकर इंग्रजांनाही मदतीला बोलावलं. इंग्रजी जहाजांच्या तोफा सुरू झाल्यावर संभाजीला किनाऱ्यावरची छावणी मागे हलवून मोर्चे खणावे लागले. अलिबागच्या हिराकोटाजवळच्या चकमकीत त्याचा भाऊ तुळाजी पकडला गेला. संभाजी कसाबसा निसटून सुवर्णदुर्गाला परतला.

मला यातली सगळ्यात वाईट गोष्ट वाटते ती घरच्या भांडणात इंग्रज आरमाराला बोलावण्याची. १७५५ मध्ये हाच सुवर्णदुर्ग पेशवे आणि इंग्रजांनी मिळून, संभाजीनंतर सरखेल झालेल्या तुळाजीकडून घेतला. पुढच्याच वर्षी विजयदुर्गावर आंग्र्यांचं आरमार जळालं.