तिथीवर चालणारं गाणं

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला शनिवार-रविवारी काही चांगलं ऐकावंसं वाटलं, की तो बहुधा मोबाइलवर तिकीटविक्रीचं ॲप उघडतो. तिथे त्याला नाटकं दिसतात, विनोदाचे एकपात्री कार्यक्रम दिसतात, मॉलमधले बँड दिसतात आणि खऱ्या मैफली दिसतात त्या थेट नरिमन पॉइंटला, नाहीतर वांद्र्याला. मग तो स्वतःशी ठरवून टाकतो, की आपल्याकडे ऐकण्यासारखं फारसं काही होत नाही. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेच्या हद्दीत १८ लाखांहून अधिक आणि कल्याण-डोंबिवलीत १२ लाखांहून अधिक माणसं होती. एवढ्या वस्तीत गाणं होत नाही, हे पटण्यासारखं नाही आणि खरंही नाही. मात्र इथलं गाणं ॲपच्या यादीत सापडत नाही, कारण ते सुट्टीच्या दिवसाच्या बाजारासाठी घडलेलंच नाही. ते पुण्यतिथीला होतं, पाडव्याला होतं, जयंतीला होतं, गुरुपौर्णिमेला होतं. आणि ते होतं कुठल्यातरी संस्थेच्या सभासदांच्या वर्गणीवर. म्हणून माझं म्हणणं असं आहे, की इथल्या रसिकाने दर शुक्रवारी कार्यक्रम शोधत बसण्याऐवजी एखादी संस्था धरावी. गाणं त्यापाठोपाठ येतं.

याचा सगळ्यात ठळक पुरावा कल्याणात आहे. कल्याण गायन समाज १९२६ साली स्थापन झाला, म्हणजे ही संस्था आता शंभरीला पोहोचली आहे. तिचा वार्षिक देवगंधर्व महोत्सव भास्करबुवा बखले यांच्या नावाने होतो. भास्करबुवा (१८६९–१९२२) म्हणजे बालगंधर्वांचे गुरू, ‘संगीत स्वयंवर’च्या चालींचे कर्ते, आणि पुण्यात १९११ साली भारत गायन समाजाची स्थापना करणारे गवई. त्यांच्या शिष्यांत मास्टर कृष्णराव होते आणि मास्टर कृष्णरावांकडे शिकलेल्यांत राम मराठे. १९२४ साली पुण्यात जन्मलेले, ‘गोपाळ कृष्ण’ या १९३८ च्या चित्रपटात बालपणीच कृष्ण झालेले, पुढे ‘मंदारमाला’ गाजवणारे पंडित राम मराठे ठाण्याचे रहिवासी झाले. त्यांच्या नावाने ठाणे महापालिका दरवर्षी संगीत समारोह भरवते. कल्याणात आजेगुरूंचा उत्सव आणि ठाण्यात नातशिष्याचा. दोन्हींच्या मधलं अंतर रेल्वेने वीस किलोमीटरचं, जलद लोकलला जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचं. एकाच गायकीच्या परंपरेचे दोन टप्पे एकाच लोकल मार्गावर ऐकायला मिळणं ही साधी गोष्ट नव्हे. दोन्ही उत्सव डायरीत आधीच लिहून ठेवले तर आयत्या वेळी शोधाशोध करावी लागत नाही.

असं असूनही हे कार्यक्रम लोकांपर्यंत का पोहोचत नाहीत? पहिलं कारण पैशांचं. यांतले बरेच कार्यक्रम विनामूल्य असतात. जाहिरातीत ‘प्रवेश विनामूल्य, काही रांगा राखीव’ असं छापलेलं असतं. तिकीटच नसेल तर तिकीट विकणाऱ्याला दलाली मिळत नाही आणि ज्यावर दलाली नाही ते त्याच्या यादीत येत नाही. दुसरं कारण नाट्यगृहांच्या तारखांचं. ठाण्यात मासुंदा तलावाकाठचं गडकरी रंगायतन १९७८ पासून आहे आणि नूतनीकरणानंतर ते २०२५ मध्ये पुन्हा उघडलं. मानपाड्याच्या बाजूला डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आहे. कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे. ही सारी पालिकांची नाट्यगृहं सत्रांवर दिली जातात: सकाळचं, दुपारचं, रात्रीचं. शनिवार-रविवारच्या सत्रांवर पहिला डोळा व्यावसायिक नाटकांचा असतो आणि ते रास्तही आहे, कारण त्यांचं पोट त्या दोन दिवसांवर चालतं. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं येतात. हल्ली त्यात कराओके मंडळांचीही भर पडली आहे. त्यांच्याकडे नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, पण निवृत्तीनंतर गळा उघडणाऱ्या माणसांनी स्वतःच्या खर्चाने सभागृह घ्यावं आणि नात्यागोत्याच्या श्रोत्यांनी ते भरावं, यात मला शहराचं भलंच दिसतं. तरीही परिणाम हाच होतो, की रागसंगीताच्या वाट्याला आठवड्याचा मधला वार येतो, नाहीतर शाळेचं सभागृह, मंगल कार्यालय, देवळाचा मंडप. तिथे काय चाललं आहे हे सभासदाला कळतं, ॲपला कळत नाही.

वेळेचा प्रश्न याहून गहिरा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातल्या मोजक्या दिवसांना मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, ती बहुतेक सणांनाच जाते. बंद सभागृहाला हा नियम तसा लागू नाही, पण नाट्यगृहाचं सत्र संपायची वेळ असते आणि श्रोत्यांना गाडी गाठायची असते. त्यामुळे रात्रभराची मैफल जवळपास संपली. दरबारी आणि मालकंस आता साडेनऊच्या सुमारास घाईने उरकले जातात. उत्तररात्रीचे सोहनी-परज आणि पहाटेचा ललत ही तर बहुतेकांसाठी ध्वनिमुद्रणापुरती उरलेली नावं. अशा वेळी पहाटेची मैफल ही चैन राहत नाही. भैरव, रामकली, तोडी समोर बसून, त्यांच्या प्रहरात ऐकायची ती उरलेली जागा आहे. चतुरंग प्रतिष्ठानने १९८६ साली दिवाळी पहाट सुरू केली, तेव्हा सकाळचे राग, भक्तिगीतं आणि सणाचा ताजेपणा यांचा मेळ साधला. ती कल्पना पुढे गावोगाव गेली.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. ठाण्यात तलावपाळी आणि राम मारुती रोडवर, डोंबिवलीत फडके रोडवर दिवाळीच्या सकाळी जे चालतं त्याला संगीत म्हणायचं का? प्रचंड ध्वनिवर्धक, राजकीय पक्षांचे मंच, नेत्यांचे फलक, आणि गाणं कुठलं चाललं आहे हे कळू नये इतका गोंगाट. माझं उत्तर असं, की फडके रोडवर नवे कपडे घालून गणपतीचं दर्शन घेणं आणि जुने मित्र भेटणं ही डोंबिवलीची स्वतःची सुंदर रीत आहे, तिला मैफलीच्या मापाने मोजू नये. पण जिथे ध्वनिवर्धकाची भिंत उभी राहते तिथे गाणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा, दोघांचाही अपमान होतो, हे स्पष्टपणे सांगायला हवं. फरक आयोजकाचा आहे. ज्या पहाटेमागे संगीताची संस्था आहे तिथे तंबोरे जुळेपर्यंत शांतता असते. ज्या पहाटेमागे निवडणूक आहे तिथे निवेदक गायकापेक्षा जास्त बोलतो. म्हणून निमंत्रणपत्रिकेवर कलाकाराच्या नावाआधी आयोजकाचं नाव वाचावं.

संस्था म्हटलं की नजरेसमोर फक्त शास्त्रीय संगीताची मंडळं येतात. तशी समजूत करून घेतली तर या भागाचं निम्मं गाणं हातचं जाईल. प्रल्हाद शिंदे कल्याणात राहिले. २००४ साली त्यांचं निधन झालं, पण त्यांच्या आवाजातली विठ्ठलाची आणि भीमरायाची गाणी आजही महाराष्ट्रभर वाजतात. पुढे आनंद, मिलिंद आणि आदर्श शिंदे यांनी ते घराणं चालवलं. घराणं हा शब्द इथेही तितकाच लागू आहे. १४ एप्रिलच्या आगेमागे उल्हासनगरपासून ठाण्यापर्यंत वस्त्यावस्त्यांत भीमगीतांचे जलसे होतात. गायन पार्ट्यांची जुगलबंदी, ढोलकीची बोलणारी थाप आणि एका कडव्यात इतिहासाचा प्रसंग उभा करण्याची ताकद तिथे ऐकायला मिळते. ज्याला खुल्या मैदानातला कसलेला आवाज म्हणजे काय हे समजून घ्यायचं आहे, त्याने या रात्री चुकवू नयेत. तसंच आगरी समाजाचं. कल्याण-डोंबिवलीच्या भोवतालच्या गावांत लग्नविधीत धवलारीण धवळे गाते. ती गायिकाही असते आणि विधी चालवणारीही. टॉवरांच्या गर्दीत ही गावं दिसेनाशी होत आहेत, पण डोंबिवलीत भरणाऱ्या आगरी महोत्सवात त्या परंपरेशी ओळख होऊ शकते. आणि गुढीपाडव्याची स्वागतयात्रा, जी आज महाराष्ट्रभर निघते, तिची सुरुवात १९९९ साली डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने केली. ढोल-ताशा, लेझीम, भजनी मंडळं असा तिचा नाद फक्त रस्त्यावरच उमटतो. या साऱ्यांमागेही ज्ञातीची, वस्तीची किंवा देवस्थानाची संस्था आहेच.

दुसरा आक्षेप मुंबईचा. मोठे कलाकार शेवटी तिकडेच गातात, मग अर्ध्यावर का समाधान मानायचं? थोर कलाकार ऐकायला मुंबईला जावं, पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवालाही जावं, यात वाद नाही. पण डोंबिवलीकराचा हिशेब पाहा. नरिमन पॉइंटची मैफल साडेनऊला संपली तर टॅक्सीने सीएसएमटी, मग जलद लोकलने तासाहून अधिक, मग रिक्षाची रांग. घरी पोहोचेपर्यंत साडेअकरा सहज वाजतात. रविवारी सकाळची मैफल असेल तर परतीला मेगाब्लॉक, जो साधारण अकरा ते चारच्या दरम्यान जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवतो. असं वर्षातून दोन-तीनदा जमतं. कान तयार व्हायला मात्र दोन-तीन मैफली पुरत नाहीत. महिन्यातून एकदा, पन्नास-साठ श्रोत्यांत, गायकापासून दहा फुटांवर बसून ऐकलं की तबलजी समेवर येताना गायकाकडे कसं पाहतो, षड्ज लागताना श्वास कुठे थांबतो, हे कळू लागतं. त्यानंतर नरिमन पॉइंटला काढलेलं तिकीट खऱ्या अर्थाने वसूल होतं.

तरुणांचा प्रश्न वेगळा आहे असं म्हणतात. त्यांना इंडी बँड हवे, स्टेडियमवरचे सोहळे हवे. तेही आता फार दूर उरलेलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेच्या मैफली झाल्या त्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, म्हणजे ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने थेट पोहोचता येईल अशा जागी. ठाण्यातच उपवन तलावाकाठी कला महोत्सव भरत आला आहे, तिथे शास्त्रीय ते फ्यूजन असं सगळं एका संध्याकाळी फिरत ऐकता येतं. पण स्टेडियमची मैफल दर आठवड्याला होत नाही. दर आठवड्याला होते ती संगीताची शिकवणी. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणारी मुलं या शहरांत गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांच्या क्लासचे गुरुपौर्णिमेचे कार्यक्रम आषाढ-श्रावणात होतात. हे कार्यक्रम फक्त पालकांसाठी असतात असा समज आहे. विचारून पाहिलं तर बहुतेक ठिकाणी श्रोत्याचं स्वागतच होतं. शेवटी गुरू स्वतः गातात आणि ते गाणं अनेकदा नाट्यगृहातल्या गाण्याहून मोकळं असतं.

संस्थांच्या बाजूने इतकं बोलल्यावर त्यांच्याकडूनही अपेक्षा सांगायला हव्यात. अनेक संस्थांचे कार्यक्रम अजूनही त्याच त्या साठीतल्या सभासदांत फिरतात. नव्या माणसाला पहिल्यांदा आत पाऊल टाकताना परकं वाटतं. वर्षाचं वेळापत्रक आधी छापत नाहीत, निरोप चार दिवस अगोदर येतो, कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू होतो आणि सत्कार तासभर चालतात. हे बदलायला पैसा लागत नाही. विनामूल्य प्रवेशाबद्दलही फेरविचार व्हावा. जे फुकट मिळतं त्याला उशिरा येता येतं आणि मध्येच उठताही येतं, हे प्रत्येक आयोजक अनुभवतो. २०१८ पासून संगीताच्या कार्यक्रमाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटीतून सूट आहे. शंभर-दीडशे रुपयांची प्रवेशिका आणि विद्यार्थ्यांना सवलत, एवढ्याने साथीदारांची बिदागी वेळेवर निघू शकते. तबलजी आणि हार्मोनियमवादक बहुतेक याच भागात राहतात, आठवडाभर शिकवण्या करतात, आणि आपल्या मानधनाचा विषय शेवटी निघतो हे त्यांना ठाऊक असतं.

श्रोत्याने मग सुरुवात कुठून करावी? कल्याणकराला गायन समाज आहे. डोंबिवलीकराने गणेश मंदिर संस्थान आणि चतुरंगचे कार्यक्रम पाहावेत. ठाणेकराला महापालिकेच्या समारोहाबरोबर कट्टे आहेत. अत्रे कट्टा, ब्रह्मांड कट्टा यांनी ठाण्यात मोकळ्या जागेत, कसलंही शुल्क न घेता लोकांना एकत्र बसून ऐकायची सवय लावली. जनकवी पी. सावळाराम या शहराचे नगराध्यक्ष होते आणि श्रीनिवास खळे यांनी अखेरचे दिवस इथेच घालवले. त्यांच्या शहराने भावगीताची बैठक जिवंत ठेवावी हे स्वाभाविक आहे. नाट्यगृहाच्या बाहेर लागलेला महिन्याचा फलकही येता-जाता वाचावा, तो अजूनही ॲपपेक्षा पूर्ण असतो.

आणि पालिकांकडे एक मागणी करावी. नाट्यगृहांच्या तारखा वाटताना महिन्यातलं एक शनिवारचं सत्र, मोठ्या सभागृहाचं शक्य नसेल तर घाणेकरसारख्या ठिकाणच्या छोट्या रंगमंचाचं, स्थानिक संगीत संस्थांसाठी कमी भाड्यात राखून ठेवावं. समारोहासाठी वर्षातून काही दिवस खर्च करणाऱ्या पालिकेला हे जड नाही. वर्षभराच्या बारा तारखा आधी जाहीर झाल्या तर संस्था कलाकार ठरवतील, क्लासची मुलं येतील आणि डोंबिवलीचा माणूस ठाण्याला, ठाण्याचा कल्याणला गाणं ऐकायला जाईल.