बटण एक, आज्ञा चार

परभणीच्या बाजारात इलेक्ट्रिकच्या कोणत्याही दुकानात जा, काउंटरमागे लटकणारी रिमोटची माळ दिसेल. एकेका पिशवीत एकेक रिमोट आणि वर लिहिलेले : ‘युनिव्हर्सल’. ‘‘सगळ्या टीव्हीला चालतो,’’ असे दुकानदार ज्या ऐटीत सांगतो, ती ऐट ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्यांना काही नवी नाही. दावा मोठा असला तरी अगदीच खोटा नसतो. फक्त त्या पिशवीतला मुंगीच्या अक्षरांचा कागद वाचणारे कोणीतरी घरात असावे लागते.

आणि नेमके तेच माणूस आजकाल घरात नसते. जिंतूर असो, सेलू असो की गंगाखेड, शिकलेली पोरे पुण्याला गेली आहेत. मागे राहिले आहेत ते आई-वडील, एक टीव्ही, एक सेट टॉप बॉक्स आणि दोन रिमोट. बॉक्सला आमच्याकडे सरळ ‘डबा’ म्हणतात. केबलवाल्याची तार थेट टीव्हीत जात होती, तेव्हा एक रिमोट पुरत असे. 2017 पर्यंत देशभरची केबल डिजिटल झाली, गावोगावी छत्र्या आल्या आणि प्रत्येक घरात दुसरा रिमोट आला. आता टीव्ही लावायचा म्हणजे आधी या रिमोटचे लाल बटण, मग त्या रिमोटचे लाल बटण, मग ‘सोर्स’, मग चॅनेलचा आकडा. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे यात कुठेतरी चुकते. पडद्यावर ‘नो सिग्नल’ येते आणि पुण्याला फोन जातो. पोरगा मीटिंगमध्ये असतो. संध्याकाळचे कीर्तन तेवढ्यात संपून जाते.

आमच्या गल्लीत असे रिमोट बहुधा माझ्याकडे येतात. त्यामुळे या यंत्राचा स्वभाव जवळून पाहण्याची संधी मला मिळाली.

पहिली गोष्ट म्हणजे रिमोटला टीव्ही दिसत नाही. त्याच्या टोकाला एक छोटा दिवा असतो. त्याचा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरून बटण दाबले, तर बहुतेक वेळा जांभळट उघडझाप दिसते. दोष रिमोटमध्ये आहे की टीव्हीत, हे ओळखण्याची ही सोपी युक्ती. बहुतेक रिमोटमध्ये हा दिवा सेकंदाला सुमारे 38 हजार वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्याचे लांब-आखूड तुकडे पाडून निरोप तयार होतो. एनईसी या जपानी कंपनीची पद्धत फार प्रचलित आहे. तिच्यात आधी यंत्राचा पत्ता जातो, मग तोच पत्ता उलटा करून, मग आज्ञा आणि शेवटी तीही उलटी करून. पोस्टमन पत्ता दोनदा वाचून खात्री करतो, तसेच हे. आठ-आठ बिटांचे हे चार तुकडे मिळून सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत निरोप पोचतो. फिलिप्सची पद्धत वेगळी, सोनीची आणखी वेगळी. प्रत्येक कंपनीने आपली बोली वेगळी ठेवली, म्हणूनच एकाचा रिमोट दुसऱ्याला चालत नाही.

युनिव्हर्सल रिमोटच्या पोटात या बोलींचा कोश भरलेला असतो. कागदावर टीव्हीच्या नावापुढे जो तीन किंवा चार आकडी ‘कोड’ छापलेला असतो, तो खरे तर त्या कोशातला पान क्रमांक. ‘सेट’चे बटण दाबून धरायचे, दिवा लागला की आकडा टाकायचा, रिमोटने दिवा मिचकावून होकार दिला की पान उघडले. एकाच कंपनीच्या नावापुढे पाच-सात कोड का असतात, असे लोक विचारतात. कारण नाव एक असले तरी आतली यंत्रणा कधी या कारखान्याची, कधी त्या कारखान्याची. कोड सापडलाच नाही, तर रिमोट टीव्हीसमोर धरून शोध सुरू करायचा. तो एकामागून एक पाने उलटत जातो आणि टीव्ही बंद झाला, की त्या क्षणी बटण दाबून त्याला थांबवायचे.

मराठवाड्यात या कोशाची गरज जास्तच आहे. तेव्हाच्या औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. आपल्याच मुलखातला टीव्ही म्हणून तो घरोघरी आला. 2018 मध्ये कंपनीचे प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेले. कंपनी अडचणीत गेली म्हणून घरातला टीव्ही काही बंद पडत नाही. पण मूळ रिमोट हरवला किंवा सेल पाझरून आतून खराब झाला, तर तसाच मिळणे अवघड होते. अशा वेळी तो चार आकडी पान क्रमांकच कामी येतो.

कोडच्या पुढची पायरी म्हणजे मॅक्रो. एका बटणाला चार आज्ञा ओळीने शिकवायच्या. बटण एकदा दाबले की रिमोट त्या क्रमाने सोडत जातो. ॲपल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, स्टीव्ह वॉझनियाक यांनी नंतर काढलेल्या कंपनीने 1987 मध्ये असा रिमोट बाजारात आणला होता. दुसऱ्या रिमोटचे निरोप तो ऐकून शिकत असे आणि ओळीने पाठवत असे. आज शिकणारे रिमोट दुकानात मिळतात आणि काही मोबाइलच्या माथ्यावरही तो अदृश्य दिवा असतो. कल्पना मोठी छान. आईसाठी एक बटण : टीव्ही चालू, थोडे थांब, सोर्स, डबा चालू, कीर्तनाचे चॅनेल.

आमच्या गल्लीतल्या एका आजींना त्यांच्या मुलाने दिवाळीत असाच रिमोट आणून दिला. मॅक्रो स्वतः बसवला, हिरव्या बटणावर टिकली लावली आणि तो पुण्याला परतला. चार दिवस सगळे झकास चालले. पाचव्या दिवशी लाइट गेली आणि आली. मग आजी रिमोट घेऊन माझ्याकडे.

‘‘भाऊ, टीव्ही लावला की डबा झोपतो, डब्याला उठवलं की टीव्ही झोपतो. दोघांचं काय पटंना बघा.’’

आजींनी बिघाड अगदी अचूक सांगितला होता. रिमोटवरचे लाल बटण ‘चालू हो’ असे म्हणत नाही; ते म्हणते, ‘आहेस त्याच्या उलट हो’. यंत्र बंद असेल तर चालू, चालू असेल तर बंद. लाइट परत आली, की आजींचा टीव्ही झोपलेला राहतो आणि डबा मात्र आपोआप जागा होतो. आता हिरवे बटण दाबले, की टीव्ही उठणार आणि जागा असलेला डबा झोपणार. ‘सोर्स’चेही तेच, ते दर वेळी एक पाऊल पुढे जाते, मग आधी कुठे होते यावर सगळे अवलंबून. मॅक्रोला क्रम पाठ असतो. परिस्थिती त्याला दिसत नाही. ज्या गावात लाइट जात नाही, तिथे हे खपून जाते. आमच्याकडे नाही.

यावर इलाज आहे आणि तो अवघड नाही. अनेक टीव्हींमध्ये ‘चालू’ आणि ‘बंद’ यांचे स्वतंत्र कोड असतात. सोबतच्या रिमोटवर ती बटणे नसतात, पण टीव्हीला ती भाषा कळते. मोबाइलवरच्या रिमोटच्या ॲपमधून आजींच्या टीव्हीचे असे दोन कोड मिळाले : एक ‘चालू’चा आणि एक थेट डब्याच्या सॉकेटवर नेणारा. ते मी शिकणाऱ्या रिमोटला ऐकवले. ‘चालू’ ही आज्ञा दहा वेळा दिली तरी टीव्ही चालूच राहतो. डब्याला असा कोड नव्हता, म्हणून त्याला लाल बटणाची आज्ञा द्यायचीच नाही, असे ठरवले. तो कायम जागा ठेवायचा. लाइट जाऊन आली तरी तो आपला आपण उठतो. दोन आज्ञांमध्ये टीव्हीला जागे व्हायला पुरेसा वेळ ठेवला. शेवटी टीव्हीचा कोड मार्करने सेलच्या झाकणाच्या आत लिहिला, कारण काही रिमोट सेल काढले की सगळे विसरतात आणि कागद तर आधीच हरवलेला असतो.

ही गोष्ट टीव्हीपुरती असती, तर इतके लिहिले नसते. पण आमच्या जिल्ह्यात याच अडाणी बटणाचा थोरला भाऊ रानात आहे. शेतीच्या मोटारीला तीन फेज वीज वर्षानुवर्षे पाळीने मिळत आली. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला गव्हाला पाणी द्यायचे, तर थंडीत, विंचूकाट्याच्या वाटेने विहिरीवर जायचे. यावर शेतकऱ्याने शोधलेला उपाय म्हणजे ऑटोस्विच. वीज आली, की मोटार आपोआप सुरू. हाही एक मॅक्रोच. त्यालाही फक्त आज्ञा माहीत; विहिरीत पाणी आहे का, पाइप फुटला आहे का, हे त्याला दिसत नाही. शिवाय वीज येताक्षणी एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. त्या भाराने डीपी जळते आणि मग दुरुस्ती होईपर्यंत सगळ्यांचेच पाणी बंद. म्हणूनच ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण पुन:पुन्हा करत आले आहे. ते रास्त आहे. पण रात्री अंधारात जाणाऱ्या माणसाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे मोबाइलवर चालणारे यंत्र तयार केले, ते याच प्रश्नावर. त्याला 2009 मध्ये नोकियाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पारितोषिक मिळाले. घरून फोन लावायचा, आकड्यांचा कोड दाबायचा आणि मोटार चालू किंवा बंद करायची. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. तिकडे वीज आहे की नाही, मोटार चालू आहे की बंद, हे फोनवर ऐकू येते. म्हणजे यंत्र आज्ञा ऐकते आणि उत्तरही देते. टीव्हीच्या रिमोटला जे साधत नाही, ते इथे साधले आहे.

1955 साली अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने प्रकाशाच्या झोताने चालणारा रिमोट काढला, तेव्हा खिडकीतून आलेले ऊनही टीव्हीला आज्ञा देऊन जाई. पुढच्याच वर्षी त्यांनी ध्वनीवर चालणारा रिमोट आणला, तर किल्ल्यांच्या खुळखुळाटाने चॅनेल बदलू लागले. ज्याला फक्त ऐकता येते आणि विचारता येत नाही, त्याची ही गत होणारच. सत्तर वर्षांत कोड पक्के झाले, चुकीच्या निरोपाला टीव्ही भुलेनासा झाला. पण साध्या रिमोटचे बोलणे अजून एकतर्फीच आहे.

म्हणून सुट्टीत गावी येणाऱ्या मुलामुलींना माझे एवढेच सांगणे : आईच्या रिमोटमध्ये मॅक्रो जरूर बसवा. पण बसवून झाला, की भिंतीवरचे मेन बटण बंद करा, मिनिटभर थांबा, पुन्हा चालू करा आणि मग रिमोट आईच्या हातात द्या. दोनदा दाबायला सांगा, मधेच दाबायला सांगा. तरीही पडद्यावर कीर्तनच आले, तर काम झाले असे समजा. नाहीतर पुढच्या गुरुवारी फोन येईलच.