हिशेबाचा संगणक रेंगाळतो? सल्ला असा मागा

दुकानाचा हिशेब संगणकावर घेतला की पहिल्या वर्षी पार्टीचे नाव टाकताच खाते उघडते. चार वर्षांनी त्याच कामाला मिनिट लागते आणि गिऱ्हाईक समोर ताटकळते. मग आपण जाणकाराला विचारतो, "आमचा संगणक स्लो झाला, काय करावे?" एवढ्या माहितीवर उत्तर मिळते, "नवीन घ्या." पैसे जातात आणि पुष्कळदा काही महिन्यांत पुन्हा तीच गत होते. कारण दोष अनेकदा यंत्रात नसून नोंदी शोधण्याच्या पद्धतीत असतो.

वहीचेच उदाहरण घ्या. रोजकीर्द तारखेवार असते. तिच्यातून एका पार्टीची बिले काढायची तर सारी पाने चाळावी लागतात. म्हणून खतावणीच्या आरंभी नावांची यादी व पान नंबर असतात. संगणकातील नोंदींच्या साठ्याला डेटाबेस आणि अशा यादीला इंडेक्स म्हणतात. इंडेक्स नसेल तर २० बिलांसाठी १० लाख नोंदी वाचल्या जातात. असेल तर तीन-चार टप्प्यांत जागा सापडते. मात्र प्रत्येक नव्या बिलाबरोबर इंडेक्समध्येही नोंद करावी लागते. म्हणून सगळ्याच रकान्यांना इंडेक्स लावणे हा इलाज नव्हे.

तेव्हा व्यापारी बंधूंनी सल्ला मागताना पुढील गोष्टी लिहून न्याव्यात :

१) नेमके कोणते काम रेंगाळते? बिल बनवणे, खाते पाहणे की महिन्याचा गोषवारा?

२) घड्याळ लावून किती सेकंद लागतात? पूर्वी किती लागत?

३) नोंदी किती आहेत? एकाच वेळी किती माणसे काम करतात?

४) कोणता डेटाबेस, कोणती आवृत्ती? अलीकडे काय बदलले?

५) प्रोग्राम बनवणाऱ्याकडून रेंगाळणारी आज्ञा व तिचा 'एक्सप्लेन' मागून घ्यावा. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या दोन्ही डेटाबेसमध्ये ही सोय आहे. इंडेक्स वापरला जातो की सारा साठा चाळला जातो, हे त्यात दिसते. नावाच्या मधल्या अक्षरांवरून शोध घेतल्यास साधा इंडेक्स कामी येत नाही. खतावणीतही नावाचे पहिले अक्षरच माहीत नसेल तर यादीचा काय उपयोग?

सुचवलेला बदल आधी नकलेवर करून पाहावा, एका वेळी एकच करावा आणि पुन्हा वेळ मोजावी. मूळ साठ्याची बॅकअप प्रत वेगळी ठेवावी.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मशवरा घेताना संपूर्ण खाते कोणाच्या हाती देऊ नये. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. त्या लिखाणात कोणाकडे किती येणे आहे हे असते, आणि ती लोकांची अमानत आहे. नावे व फोन नंबर बदलून चार-दोन नमुन्याच्या नोंदी दाखवल्या तरी जाणकाराचे काम भागते. प्रश्न नेमका असेल तर खर्चही वाचतो आणि पार्टीचा भरवसाही राहतो.