एकच हाक, एकच अर्थ

‘हा काहून ऐकत नाही हो?’ कुत्रा पाळलेल्या घरात गेलं की हा प्रश्न ऐकायला मिळतोच. मुलांच्या हट्टापायी पिल्लू येतं. घरातली मोठी माणसं म्हणतात, असू द्या, राखणीला होईल. पुढे मुलं शाळा-ट्यूशनमध्ये अडकतात आणि त्याची पोळी, पाणी, फिरवणं, घाण काढणं सगळं येतं घरच्या बाईच्या गळ्यात. म्हणून मैत्रिणींनो, हा विषय आपलाच.

बचतगटाच्या कामासाठी मी नागपूरच्या वस्त्यांमधून फिरते. अशाच एका घरी मोती नावाचा दीड वर्षाचा गावठी कुत्रा होता. फाटक उघडं दिसलं की सुसाट रस्त्यावर! दोनदा ट्रकखाली येता येता वाचला, एकदा त्याच्यापायी दूधवाला सायकलवरून पडला. आजोबांनी निकाल दिला, ‘याला गोरेवाड्याकडे सोडून या.’ पाळलेलं जनावर असं वाऱ्यावर सोडणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, हे मी सांगितलं. पण आजोबांची भीती काही खोटी नव्हती. कायदा सांगून मोती थोडाच थांबणार होता?

अर्धा तास नुसती बसून पाहत होते. आजोबा हाक मारत, ‘मोत्या, इकडं ये!’ नात म्हणे, ‘मोतू, कम!’ सूनबाईंचं, ‘चल रे मेल्या!’ आणि तो चुकून आलाच तर काय? साखळी, नाहीतर आंघोळ. उशिरा आला तर वरून पाठीत धपाटा. आता सांगा, त्यानं यावं तरी कशाला? हाक म्हणजे मजा संपली, एवढंच तो शिकला होता. याला आपण हट्टीपणा म्हणतो.

मुंबई पोलिसांचा ‘जंजीर’ आठवतो? पुण्यात शिकून तयार झालेला लॅब्राडोर. मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर त्यानं तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स शोधून काढलं. नोव्हेंबर 2000 मध्ये तो गेला, तेव्हा त्याला सन्मानानं निरोप दिला गेला. असे वास काढणारे कुत्रे काही देशभक्तीनं काम करत नाहीत. वस्तू सापडली की लगेच आवडीचा चेंडू किंवा खाऊ मिळतो, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. कामाची मजुरी रोख आणि ताबडतोब!

मोतीच्या घरी तेच सुरू केलं. आधी सगळ्यांनी मिळून एक शब्द ठरवला, ‘मोती, ये’. दुसरा शब्द बंद. खाऊ म्हणून उकडलेल्या चिकनचे बोटाच्या पेराएवढे तुकडे. शाकाहारी घरात पनीर चालतं. पोट भरलेल्या कुत्र्याला पोळीचं काय कौतुक? म्हणून शिकवणी जेवणाआधी, एका वेळी पाचच मिनिटं. आला की त्याच क्षणी तुकडा आणि शाबासकी. डबा शोधत स्वयंपाकघरात गेलात की संपलं, ते बक्षीस कशाचं हे त्याला कळत नाही. हाक एकदाच मारायची. दहादा ओरडलं की पहिल्या नऊ हाका फुकट असतात, हे तो बरोब्बर ओळखतो.

पहिला आठवडा घरात, मग अंगणात, मग पंधरा-वीस फुटांचा दोर बांधून फाटकाबाहेर. दोर ओढायचा नाही, फक्त पळू द्यायचं नाही. आंघोळीसाठी हाक मारायची नाही, आपणच उठून जवळ जायचं. तो नीट यायला लागला की तुकडा कधी द्यायचा, कधी नुसती पाठ थोपटायची. मिळेल की नाही या आशेवर तो जास्त धावत येतो. (लॉटरीचं तिकीट घेणारी माणसं आपण पाहतोच की!)

उन्हाळ्यात हे सगळं सकाळी सातच्या आत उरका. आपल्या मे महिन्यात डांबरानं त्याचे पंजे भाजतात. कौतुकापोटी मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांद्याची भाजी देऊ नका, त्याला ती विषासारखी. आणि चांगला ऐकणारा कुत्रा एकाएकी सुस्त झाला, हाकेला मानही वळवेना, तर शिकवणी थांबवा. गोचिडांमुळे येणारा ताप असेल, कान दुखत असेल. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे किंवा जवळच्या जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. रेबीजची लस तर दरवर्षी हवीच.

सगळ्यात कठीण गेलं ते घरच्यांना शिकवणं. नात आठवडाभर ‘कम’च म्हणायची. आजोबा पहिले पंधरा दिवस लांबूनच पाहत होते. मग एक दिवस त्यांनी हळूच सूनबाईंकडून दोन तुकडे मागून घेतले. अडीच महिन्यांनी मोती फाटकातून वळून परत यायला लागला, तोही आजोबांच्या हाकेला सगळ्यात आधी. मांजर दिसली तर मात्र अजूनही भरवसा नाही. म्हणून आजोबांनी फाटकाला आतून नवी कडी बसवून घेतली आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती लावायला ते स्वतः ओरडून सांगतात.