मावळची सहल : ठिकाणं दोनच, पण डोळे भरून!

पावसाची पहिली सर आली की घरोघरी सहलीचा विषय निघतो आणि पुण्या-मुंबईकडे पहिलं नाव येतं लोणावळ्याचं. मग यादी वाढू लागते. भुशी धरण, कार्ले, भाजे, लोहगड, खंडाळ्याचा घाट, येताना चिक्की; आणि हे सारं एकाच रविवारी! मुलं दमून किरकिरतात, आजी गाडीतच बसून राहतात आणि घरातली बाई दिवसभर डबे उघडते नि बंद करते. संध्याकाळी 'काय पाहिलंत?' म्हणून विचारावं, तर उत्तर येतं, 'गर्दी!'

मैत्रिणींनो, सहल आखताना ठिकाणं वाढवू नका, कमी करा. एका दिवसाला दोन पुरेत.

दिवस आणि पाणी

जमल्यास रविवार टाळा. ३० जून २०२४ ला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पाणी एकाएकी वाढलं आणि एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यांत लहान मुलं होती. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीत कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवारच होते. डोंगरात वर पाऊस कोसळत असतो, खाली आपल्याला पत्ता नसतो. घोट्याएवढं पाणी बघता बघता कमरेला येतं. म्हणून निघण्यापूर्वीच मुलांना आणि मुलांच्या बाबांनाही बजावून ठेवा : धबधबा पाहायचा तो लांबून. बंदीची पाटी असेल तिथून तर मागेच फिरायचं.

सकाळी भाजे

पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरा. मुंबईकरांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल धरावी. मळवली हे पुढचंच स्टेशन. दुपारी लोकल फार कमी असतात, तेव्हा परतीची वेळ आधीच पाहून ठेवा.

मळवलीहून भाज्याच्या लेण्यांपर्यंत रमतगमत चालत जाता येतं. लेणी दोन हजार वर्षांहून जुनी. चैत्यगृहाचे खांब आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत. पूर्वी लाकडी घरं बांधत, तीच रीत कारागिरांनी दगडात उतरवली! वर्गात इतिहास शिकवताना मला जे फळ्यावर काढून दाखवावं लागतं, ते इथे मुलांना हाताच्या अंतरावर दिसतं. पुढे एकाच जागी चौदा स्तूप आहेत ते मुलांकडून मोजून घ्या. शेवटच्या बाजूच्या विहारात तबल्यासारखं वाद्य वाजवणारी बाई कोरलेली आहे, ती चुकवू नका.

दुपारी कार्ले

खाणं उरकून रिक्षाने कार्ल्याच्या पायथ्याशी जा. पायऱ्या बऱ्याच आहेत. आजी-आजोबांना बसत-थांबत चढू द्या. लेण्यांना लागूनच एकवीरा देवीचं देऊळ आहे. कोळी बांधवांची आणि इतरही अनेक घराण्यांची ही कुलस्वामिनी. चैत्रात नि नवरात्रात इथे फार गर्दी असते.

कार्ल्याचं चैत्यगृह देशातल्या सर्वांत मोठ्या चैत्यगृहांपैकी एक. छताच्या लाकडी कमानी आजही जागेवर आहेत. लेण्याचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे उघडीप असली तर दुपारनंतर ऊन थेट आत येतं. भिंती-खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत. त्यांत व्यापारी आहेत, तशा भिक्षुणी आहेत, मुलांच्या नावाने ओळख सांगणाऱ्या आयाही आहेत. इतक्या जुन्या काळी बायकांनी आपल्या नावाने दिलेलं दान पाहायला आपण दहा मिनिटं तरी बसायलाच हवं, नाही का?

लोहगड वेगळ्या दिवशी

लोहगडाला आखा दिवस राखून ठेवा. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला, १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी परत घेतला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यांत हा एक. वरून विंचूकाटा आणि पवनेचं पाणी दिसतं. धुक्यात आणि निसरड्या वाटेवर मात्र काठाशी जाऊ नये.

पिशवीत काय घ्याल?

दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, गूळपोळी. पातळ भाजी नको, ताटल्या नकोत; प्रत्येकाची शिदोरी वेगळी बांधून ज्याच्या त्याच्या हाती द्या. म्हणजे वाढण्यात आपला वेळ जाणार नाही. प्रत्येकाला सुका पंचा, जाड तळव्याचे बूट आणि कचरा परत आणायला एक रिकामी पिशवी. कार्ल्याला खाऊ हातात धरू नका, माकडं ओढून नेतात.

येताना चिक्की घ्यालच. पण थोडा इंद्रायणी तांदूळही घ्या. हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातच तयार झाला. दुसऱ्या दिवशी त्याचा मऊ भात वाढताना मुलांना विचारा, 'स्तूप किती होते रे?' 'चौदा!' असं उत्तर आलं, की सहल सार्थकी लागली म्हणायची.