रेस्टॉरंटचं गिफ्ट व्हाउचर 'एक्सपायर' झालं म्हणजे पैसे बुडाले का?

दिवाळीला ऑफिसनं दिलेलं, वाढदिवसाला मित्रांनी वर्गणी काढून घेतलेलं किंवा सेलमध्ये तुम्ही स्वतःच विकत घेऊन ठेवलेलं एखादं रेस्टॉरंट व्हाउचर तुमच्या ईमेलमध्ये कुठेतरी पडून असेल. एका रविवारी घरच्यांना घेऊन तुम्ही तिथे जाता, पोटभर जेवता, बिल येतं, तुम्ही मोबाइलवरचा कोड दाखवता आणि उत्तर मिळतं, "सर, हे वीकेंडला चालत नाही." किंवा "हे तर मागच्याच महिन्यात संपलंय." दारात लोक टेबलासाठी थांबलेले असतात, घरचे म्हणतात जाऊ दे, आणि तुम्ही यूपीआयनं सगळं बिल भरून बाहेर पडता.

हजार-दोन हजारांचा प्रश्न असल्यामुळे बहुतेक लोक इथेच विषय सोडून देतात. पण व्हाउचर म्हणजे रेस्टॉरंटनं तुमच्यावर केलेली मेहेरबानी नाही. जेवणाचे पैसे त्यांना आधीच मिळालेले असतात, तुमचं जेवण फक्त बाकी असतं. तुमचे हक्क किती भक्कम आहेत हे मात्र एका गोष्टीवर ठरतं: व्हाउचर नेमकं काढलंय कुणी?

कूपन वेगळं, व्हाउचर वेगळं

'पुढच्या भेटीत २० टक्के सूट' असा जो कागद बिलासोबत हातात ठेवतात, ते कूपन. त्यासाठी तुम्ही काही मोजलेलं नसतं, त्यामुळे ते कधी आणि कुणाला चालणार हे ठरवण्याची रेस्टॉरंटला बरीच मोकळीक असते. (अर्थात, जाहिरातीत मोठ्या अक्षरात सूट सांगायची आणि आत गेल्यावर नाही म्हणायचं, हे तिथेही चालत नाही.) गिफ्ट व्हाउचरसाठी मात्र कुणीतरी पैसे भरलेले असतात. तुम्ही, मित्रांनी किंवा कंपनीनं.

"पण पैसे मी कुठे भरले? मग मी ग्राहक कसा?" हा प्रश्न सगळ्यात जास्त लोकांना पडतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधल्या ग्राहकाच्या व्याख्येत याचं उत्तर आहे. सेवेसाठी पैसे मोजणारा तर ग्राहक असतोच, पण त्याच्या संमतीनं त्या सेवेचा लाभ घेणारी व्यक्तीही ग्राहकच मानली जाते. म्हणजे व्हाउचर मावशीनं भेट दिलं असलं तरी तक्रार तुम्ही करू शकता. मावशीला सोबत नेण्याची गरज नाही. फक्त खरेदीची पावती तिच्याकडून घेऊन ठेवा.

मागची बारीक अक्षरं आधी वाचा

आता मुद्द्याकडे येऊ. दिसायला सगळी व्हाउचर सारखीच असली तरी कायद्याच्या नजरेत त्यांचे दोन प्रकार पडतात.

पहिला प्रकार म्हणजे अनेक ब्रँड्सकडे, अनेक दुकानांत चालणारं गिफ्ट कार्ड. ते बँक किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेली कंपनीच काढू शकते. रिझर्व्ह बँकेनं २७ ऑगस्ट २०२१ ला प्रीपेड साधनांसाठी सविस्तर निर्देश काढले. त्यानुसार असं गिफ्ट कार्ड जास्तीत जास्त १०,००० रुपयांचं असतं, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि त्यातून रोख काढता येत नाही. पण त्याची मुदत किमान एक वर्ष असावीच लागते. मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत कंपनीनं तुम्हाला एसएमएस किंवा ईमेलनं सावध करायचं असतं.

सगळ्यात कामाची तरतूद मात्र फार कुणाला माहीत नसते. बँक नसलेल्या कंपनीनं असं कार्ड काढलं असेल, तर मुदत संपल्यावर किमान तीन वर्षं तिला उरलेली रक्कम आपल्या नफ्यात ओढता येत नाही. मुदत संपल्यानंतर तुम्ही पैसे मागितले, तर ते बँक खात्यात परत द्यावे लागतात. शिवाय ग्राहकांचे हे पैसे कंपनीला बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात. थोडक्यात, या कार्डावरचं 'एक्सपायर्ड' हा शेवट नसतो.

दुसरा प्रकार म्हणजे एका रेस्टॉरंटनं किंवा साखळीनं फक्त स्वतःकडे खाण्यासाठी काढलेलं व्हाउचर. याला 'क्लोज्ड सिस्टीम' म्हणतात. ते काढायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही आणि म्हणून वरचे नियमही त्याला लागू होत नाहीत. एक वर्षाची सक्ती नाही, एस्क्रो खातं नाही. आपल्या हातात येणारी रेस्टॉरंट व्हाउचर बहुतेक याच प्रकारातली असतात. तुम्ही ते एखाद्या मोठ्या ॲपवरून घेतलं असेल, पण त्यावर नाव एकाच साखळीचं असेल, तरी ते बहुधा याच गटात मोडतं.

म्हणजे तीन महिन्यांची मुदत असलेलं व्हाउचर भारतात आपोआप बेकायदेशीर ठरत नाही. इतर काही देशांनी यासाठी सरळ कायदा केला आहे. ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर २०१९ पासून गिफ्ट कार्डाची मुदत किमान तीन वर्षं आहे, तर अमेरिकेत संघराज्याच्या कायद्यानुसार साधारणपणे पाच वर्षं. आपल्याकडे एका रेस्टॉरंटच्या व्हाउचरसाठी असा आकडा ठरवलेला नाही, आणि माझ्या मते ही मोठी पळवाट आहे. न वापरलेलं व्हाउचर म्हणजे रेस्टॉरंटसाठी शिजवायला न लागलेल्या जेवणाचे पैसे. मुदत जितकी छोटी, तितका त्यांचा फायदा.

मग हातात काहीच नाही का?

आहे. इथे ग्राहक संरक्षण कायदा कामाला येतो. महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवून ठेवणं याला हा कायदा सेवेतली त्रुटी मानतो. त्यामुळे रेस्टॉरंटनं अट घातली होती का, एवढंच विचारून भागत नाही. ती अट विकत घेण्याआधी तुम्हाला दिसत होती का, हा खरा प्रश्न आहे.

'शनिवार-रविवारी चालणार नाही', 'बुफेवर लागू नाही', 'एका टेबलवर एकच', 'फ्रँचायझी आउटलेटमध्ये चालणार नाही' यांपैकी कुठलीही अट व्हाउचरवर किंवा विक्रीच्या पानावर स्पष्ट लिहिलेली असेल, तर तुमची बाजू कमजोर आहे. ती जेवण झाल्यावर पहिल्यांदा तोंडी सांगितली गेली असेल, किंवा तुम्ही व्हाउचर घेतल्यानंतर नियमांचं पान गुपचूप बदललं असेल, तर बाजू तुमची भक्कम आहे. मद्याचं मात्र आधीच विचारून घ्या. बहुतेक व्हाउचर त्यावर चालत नाहीत आणि तसं लिहिलेलंही असतं.

उरलेल्या पैशांचंही तसंच आहे. १,५०० च्या व्हाउचरवर १,१०० चं जेवण झालं तर उरलेले ४०० रोख मिळावेत असा हक्क नाही. पण 'एकदाच वापरता येईल, बाकी रक्कम मिळणार नाही' असं कुठेच लिहिलेलं नसेल, तर ते ४०० पुढच्या वेळी वापरू द्या असं नक्की म्हणा.

बिलाचं गणित

व्हाउचर लावूनही पूर्ण बिलावर जीएसटी कसा काय, अशी तक्रार सोशल मीडियावर नेहमी दिसते. यात रेस्टॉरंटचं चुकत नाही. व्हाउचर हा पैसे भरण्याचा एक मार्ग आहे, त्यानं बिल कमी होत नाही. २,००० रुपयांचं जेवण, त्यावर ५ टक्क्यांनी १०० रुपये जीएसटी, एकूण २,१००. त्यातून १,५०० चं व्हाउचर वजा केलं की ६०० भरायचे. हेच १,५०० रुपये सूट म्हणून मिळाले असते, तर कर ५०० रुपयांवर म्हणजे फक्त २५ रुपये लागला असता.

सर्व्हिस चार्जची गोष्ट वेगळी. वरच्याच बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज घातला तर २०० रुपये तो आणि त्यावरचा १० रुपये जीएसटी, म्हणजे ६०० ऐवजी ८१० रुपये मोजावे लागतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप घालता येत नाही, आणि नाव बदलूनही घेता येत नाही. रेस्टॉरंट संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. २८ मार्च २०२५ ला न्यायालयानं त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा खर्च भरायला लावला. संघटना पुढे अपिलातही गेल्या. काउंटरवर "हा चार्ज काढा" एवढं शांतपणे म्हटलं तरी बऱ्याचदा काम होतं. व्हाउचर वापरणाऱ्यांसाठी सर्व्हिस चार्ज सक्तीचा आहे, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

तक्रार कुठे करायची?

नकार मिळाला की तिथेच तो लेखी मागा. देणार नाहीतच, म्हणून निघण्याआधी रेस्टॉरंटच्या ईमेलवर दोन ओळी पाठवा: आज अमुक वाजता, अमुक शाखेत, या कारणानं व्हाउचर नाकारलं. बिलाचा फोटो जोडा. नंतर हाच ईमेल सगळ्यात उपयोगी पडतो.

व्हाउचर ॲप किंवा वेबसाइटवरून घेतलं असेल तर तिथल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एक महिन्यात ती निकाली काढायची असते. अनेक दुकानांत चालणारं कार्ड असेल आणि कंपनीनं ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते.

एका रेस्टॉरंटच्या व्हाउचरसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइन कंपनीला आदेश देऊ शकत नाही, ती मध्यस्थी करते. पण एवढ्या छोट्या रकमेसाठी सरकारी पत्रव्यवहार नको म्हणून अनेक ब्रँड्स इथेच पैसे किंवा नवीन व्हाउचर देऊन मोकळे होतात.

तरीही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन तक्रार दाखल करता येते. व्हाउचर मुंबईतल्या कंपनीचं असलं आणि तुम्ही लातूरला राहत असलात, तरी तक्रार लातूरमध्ये चालते. मुदत घटना घडल्यापासून दोन वर्षांची.

रेस्टॉरंटच कायमचं बंद झालं असेल तर मात्र अवघड आहे. क्लोज्ड व्हाउचरचे पैसे वेगळे ठेवलेलेच नसतात, त्यामुळे आदेश मिळाला तरी वसुली कुणाकडून करायची हा प्रश्न उरतो. साखळीतली एकच शाखा बंद झाली असेल तर दुसऱ्या शाखेत व्हाउचर चालवून द्या, असा आग्रह धरा. ॲपवरून घेतलं असेल तर विकणाऱ्या ॲपलाही तक्रारीत सामील करा. आणि सेलमध्ये ५,००० चं व्हाउचर ४,००० ला मिळतंय म्हणून नव्यानंच उघडलेल्या हॉटेलची चार-चार व्हाउचर घेण्याआधी दोनदा विचार करा. घेतलीच, तर त्याच दिवशी नियमांच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारीख दिसेल असा.